मुंबईच्या कोटातील एका उद्यानाचा इतिहास : ‘बॉम्बे ग्रीन’ ते ‘हॉर्निमन सर्कल’

१

मुंबईच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच बंदर, गिरण्या, रेल्वे आणि समुद्र हटवून केलेली भरणी यांच्याकडे जाते. ज्या शहराने आपली जमीन समुद्रापासून हिरावून घेतली, त्या शहराच्या इतिहासात जमीन न बांधता तशीच ठेवल्याच्या हकीकतीस फारसे स्थान मिळू नये, हे समजण्यासारखे आहे. तथापि कोटाच्या, म्हणजे आजच्या फोर्ट विभागाच्या, ऐन मध्यभागी सुमारे अडीच एकरांचे एक वर्तुळाकार उद्यान आहे. त्याच्या पूर्वेस टाउन हॉलची पायऱ्यांची इमारत आहे. पश्चिमेस चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी सेंट टॉमसचे कॅथीड्रल आहे. आणि सभोवार कमानदार ओवऱ्या असलेल्या एकसारख्या इमारतींची वक्र रांग आहे. आज हे स्थळ ‘हॉर्निमन सर्कल’ या नावाने ओळखले जाते. इंग्रजांनी कोटात वस्ती केल्यापासून या भूमीचा गाभा मोकळाच राहिला आहे. तिची नावे मात्र बदलत गेली, आणि प्रत्येक नाव त्या त्या काळी या भूमीकडे कोण कोणत्या दृष्टीने पाहत होते याची साक्ष देते.

प्रस्तुत लेखात या उद्यानाचा इतिहास थोडक्यात मांडून, ते टिकले कसे, या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विवेचनाच्या सोयीसाठी आरंभीच एक भेद नोंदविणे अवश्य आहे. मराठीत ‘रिकामी जागा’ आणि ‘मोकळी जागा’ हे दोन शब्दप्रयोग पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. पण त्यांचा अर्थ एक नव्हे. खुर्ची रिकामी असते, हवा मोकळी असते. घर रिकामे केले जाते, अंगण मोकळे ठेवले जाते. रिकामा माणूस म्हणजे काम नसलेला आणि मोकळा माणूस म्हणजे बंधन नसलेला. जी जागा कशाने तरी भरली जाण्याची वाट पाहत असते ती रिकामी. भरलेली नसणे हाच जिचा उपयोग ती मोकळी. या उद्यानाचा इतिहास म्हणजे एका जागेने रिकामेपणाच्या धोक्यातून मोकळेपणापर्यंत केलेला प्रवास होय, असे म्हणावयास हरकत नाही. तो प्रवास संपलेला आहे किंवा कसे, हा प्रश्न शेवटी पाहू.

२

१६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. जेराल्ड आंजियर याच्या कारकिर्दीत (१६६९–१६७७) कोटात इंग्रजांसाठी चर्च बांधण्याचे ठरले. परंतु अर्धवट उभारलेल्या भिंती पुढे सुमारे चाळीस वर्षे तशाच पडून राहिल्या. १७१५ मध्ये रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने हे काम पुन्हा हाती घेतले आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी उघडण्यात आले. या चर्चच्या समोरचे विस्तीर्ण पटांगण म्हणजे ‘बॉम्बे ग्रीन’.

‘ग्रीन’ हे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रजी खेड्यात चर्चच्या आसपास गावाच्या मालकीची हिरवळ असते, तीस हे नाव असते. आपल्याकडील गायरान, पार आणि चावडीसमोरचे पटांगण या तिन्हींचे काही काही गुण तिच्यात एकत्र आलेले दिसतात. ती कोणा एकाची नसते, म्हणून सर्वांची असते. सातासमुद्रापलीकडे आलेल्या कंपनीच्या नोकरांनी तटबंदीच्या आत चर्च आणि त्यापुढे पटांगण अशी मांडणी केली आणि त्या पटांगणास आपल्या खेड्यातील नाव दिले. मुंबईच्या उन्हात त्या जागेवर वर्षाचे किती महिने हिरवळ राहत असेल, हा प्रश्न येथे गौण आहे. ते नाव रंगाचे नव्हते, एका सामाजिक कल्पनेचे होते.

चर्चचा प्रभाव दुसऱ्या एका नावावरही पडला. कोटाच्या पश्चिम तटात चर्चकडे येण्यासाठी जो दरवाजा होता, त्यास ‘चर्चगेट’ म्हणत. तो दरवाजा एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तटाबरोबर नाहीसा झाला. पण नाव राहिले, आणि ते आज एका रेल्वे स्थानकाने धारण केले आहे. ज्या लक्षावधी प्रवाशांच्या तोंडी हे नाव रोज येते, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ते चर्च कोणते हे ठाऊक असेल. स्थळनामांच्या अभ्यासकास ही गोष्ट नवीन नाही. वस्तू जाते, नाव राहते. किंवा वस्तू राहते, नाव जाते. ग्रीनच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या, त्या कशा हे पुढे येईलच.

कोटातील वस्ती अठराव्या शतकात दाट होत गेली. अरुंद गल्ल्या, लाकडी घरे आणि गोदामे यांनी तटाच्या आतील भाग भरून गेला. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या मोठ्या आगीत कोटातील वस्तीचा बराच भाग जळून गेला. या आगीनंतर शहराच्या रचनेचा विचार नव्याने सुरू झाला आणि तटाबाहेरच्या वस्तीस, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या भाषेत ‘बाहेरकोटा’स, चालना मिळाली. दाट वस्तीच्या मधोमध असलेल्या मोकळ्या पटांगणाचे महत्त्व अशा प्रसंगी वेगळे सांगावयास नको.

३

ग्रीनचा उपयोग एकच नव्हता. तेथे लष्करी कवायती होत. तेथे लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा पुतळा छत्रीसह उभारण्यात आला. १८३३ मध्ये कर्नल टॉमस कूपर याने योजिलेली टाउन हॉलची इमारत पटांगणाच्या पूर्व बाजूस पूर्ण झाली आणि आज एशियाटिक सोसायटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्वत्संस्थेचे ग्रंथालय त्या इमारतीत आले. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेल्याचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ रोजी याच टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून वाचण्यात आला. राजसत्तेला आपले म्हणणे लोकांपुढे मांडण्यासाठी पायऱ्या लागतात, आणि लोकांना ते ऐकण्यासाठी पायऱ्यांपुढे जागा लागते. ग्रीनने ती जागा पुरविली.

परंतु या सरकारी उपयोगांपेक्षा मोठा उपयोग कापसाचा होता. निर्यातीसाठी येणाऱ्या कापसाचे ढीग या पटांगणात रचले जात आणि तेथेच त्याचे सौदे होत. त्यामुळे ‘बॉम्बे ग्रीन’चे रूपांतर बोलण्यात ‘कॉटन ग्रीन’मध्ये झाले. इंग्रजी खेड्यातील गुरे चरण्याच्या हिरवळीचे नाव अशा रीतीने कापसाच्या बाजारास चिकटले.

एतद्देशीय लोकांनी मात्र या परिसरास आपल्या परीने वेगळे नाव दिले होते. कॅथीड्रलच्या आवाराच्या कोपऱ्यावर चिंचेचे एक झाड होते. त्यावरून गुजराती बोलणारे व्यापारी या भागास ‘आमली आगळ’ म्हणत. ‘आमली’ म्हणजे चिंच आणि ‘आगळ’ म्हणजे पुढे. चिंचेपुढची जागा, एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचकाची येथे फसगत होण्याचा संभव आहे, कारण मराठीत ‘आगळ’ म्हणजे दाराचा अडसर. जवळच्या एका गल्लीस इंग्रजीत ‘टॅमरिंड लेन’ असे नाव पडले, ते याच नावाचा प्रतिध्वनी होय. साहेबाने चर्च पाहिले आणि ग्रीन म्हटले. व्यापाऱ्याने झाड पाहिले आणि आमली म्हटले. एकाच जागेची ही दोन नावे एकमेकांशी बोलत नाहीत, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोन्ही नावे कडेच्या वस्तूंवरून मधल्या मोकळ्या जागेकडे येतात.

झाडांचा संबंध येथील आणखी एका संस्थेशी आहे. १८५० नंतरच्या काळात टाउन हॉलसमोरच्या वडांच्या झाडांखाली समभागांचे दलाल जमू लागले. आपल्याकडे गावच्या वडाखाली जशी पंचायत बसते, तसा हा बाजार उघड्यावर भरे. दलालांची संख्या वाढत गेली तशी त्यांनी अनेकदा जागा बदलली. १८७४ मध्ये त्यांना कायमची जागा मिळाली, तिला ‘दलाल स्ट्रीट’ हे नाव पडले, आणि १८७५ मध्ये त्यांची संघटना विधिपूर्वक स्थापन झाली. मुंबईच्या शेअरबाजाराचा उगम असा एका पटांगणातील सावलीत आहे. कोणाची परवानगी न घेता चार माणसांना उभे राहता येईल अशी जागा शहरात असली म्हणजे तेथे काय काय जन्मास येऊ शकते, याचे हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

४

१८४४ मध्ये कापसाचा बाजार कोटातून कुलाब्यास हलविण्यात आला. कोटाच्या दाट वस्तीत अशा ज्वालाग्राही मालाचे ढीग असणे गैरसोयीचे आणि धोक्याचे होते, हे उघड आहे. या स्थलांतराबरोबर भाषेच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट घडली. कापूस गेला तो ‘ग्रीन’ हे नाव बरोबर घेऊन गेला. कुलाब्यातील नव्या बाजारासही ‘कॉटन ग्रीन’च म्हणू लागले. पुढे १९२० नंतरच्या दशकात हा बाजार शिवडीच्या बाजूस भरणी करून मिळविलेल्या जमिनीवर गेला, तेव्हा ते नावही तिकडे गेले. आज हार्बर मार्गावर ‘कॉटन ग्रीन’ नावाचे स्थानक आहे. त्या नावात कोटातील चर्चसमोरच्या पटांगणाची आठवण गोठून राहिली आहे. ज्या भूमीला ते नाव मुळात मिळाले, ती मात्र आपल्या जागीच राहिली आणि अनाम झाली.

ही अनामता केवळ शब्दाची नव्हती. कवायती, कापूस आणि सौदे यांनी गजबजलेले पटांगण आता उपयोगावाचून उरले. आरंभी केलेल्या भेदाच्या भाषेत सांगावयाचे तर, मोकळी जागा रिकामी झाली. रिकामी जागा आणि तीही बंदराजवळ, कोटाच्या मध्यात, टाउन हॉलच्या दारात! अशी जागा व्यापारी शहरात फार काळ टिकत नाही. त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडात येईनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. कंपन्या निघाल्या, समभागांचा सट्टा माजला, जमिनीच्या किमती चढल्या. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. मराठीतील मुंबईचे पहिले विस्तृत वर्णन, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’, १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच उलथापालथीच्या काळात. जुने शहर डोळ्यांदेखत नाहीसे होत असताना त्याची नोंद करून ठेवण्याची निकड एका मराठी ग्रंथकारास वाटली, ही गोष्ट त्या काळाच्या वेगाची कल्पना देते.

अशा स्थितीत ग्रीनच्या जागेची काळजी वाहणारा मनुष्य पोलीस खात्यातून पुढे आला. चार्ल्स फोर्जेट हा मुंबईच्या पोलीस दलाचा प्रमुख होता. देशी भाषांचे त्यास उत्तम ज्ञान होते, आणि १८५७ च्या काळातील त्याच्या वेषांतराच्या कथा पुष्कळ दिवस सांगितल्या जात. ताडदेवनजीकचा फोर्जेट स्ट्रीट हा त्याच्याच नावाचा. धुळीने आणि घाणीने भरलेल्या जुन्या ग्रीनच्या ठिकाणी वर्तुळाकार रचना करावी, मध्ये बाग ठेवावी आणि सभोवार इमारती उठवाव्यात, ही कल्पना त्याची. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि पुढे फ्रियर या दोघा गव्हर्नरांनी तिला पाठिंबा दिला.

या योजनेचा आर्थिक भाग लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे, कारण जतनाचे खरे रहस्य तेथे आहे. नगरपालिकेने ही जमीन सरकारकडून घेतली; तिच्या कडेचे भूखंड पाडून ते व्यापारी पेढ्यांस विकले; आणि या विक्रीत तिला चांगला नफा झाला. ज्यांनी भूखंड घेतले त्यांच्यावर इमारतींची दर्शनी बाजू एकसारखी ठेवण्याचे बंधन होते. खाली पादचाऱ्यांसाठी कमानदार ओवरी, वर सारख्या उंचीचे मजले आणि सारख्या खिडक्या. आतील कारभार ज्याचा त्याचा; बाहेरचा चेहरा सर्वांचा. मधली बाग १८६९ मध्ये आखण्यात आली आणि १८७२ मध्ये ती पूर्ण झाली.

सारांश, मध्य राखण्याची किंमत कडेने दिली. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. कडेच्या भूखंडास जी किंमत आली, ती मध्य राखल्यामुळे आली. बागेकडे तोंड असलेली पेढी आणि गल्लीकडे तोंड असलेली पेढी यांच्या मोलात अंतर असणारच. म्हणून एकदा ही रचना उभी राहिल्यावर मधली जागा बांधून टाकण्यात कडेच्या एकाही मालकाचे हित उरले नाही. १ जुलै १८६५ रोजी सट्ट्याचा फुगा फुटला, मोठमोठे व्यापारी धुळीस मिळाले, भरणीच्या कंपन्या बुडाल्या. पण वर्तुळाची कल्पना मोडली नाही. बाग तर पडझडीनंतरच्या वर्षांतच आखली गेली. कोणा एकाच्या औदार्यावर ती अवलंबून असती, तर त्याच्या दिवाळ्याबरोबर तिचेही दिवाळे निघाले असते. ती अनेकांच्या परस्परबद्ध हितावर उभी होती, म्हणून ती पुरी झाली.

५

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. ग्रीनचे उद्यान झाले, यात जागा राखली गेली हे खरे. पण तिचा स्वभावही बदलला. ज्या पटांगणात हमाल, गाडीवान, दलाल आणि शिपाई वावरत होते, तेथे आखीव वाटा, फुलझाडे आणि लोखंडी कठडे आले. पटांगणास दार नसते. उद्यानास दार असते, आणि दारास वेळ असते. वासाहतिक नगररचनेची ही खूण आहे की तिने सार्वजनिक जागेस सौंदर्य दिले आणि त्याच वेळी शिस्तही लावली. या रचनेचा नमुना इंग्लंडातील बाथसारख्या शहरांतील चंद्रकोरी गृहरचनेत आणि लंडनच्या चौकांत सापडतो. लंडनमधील पुष्कळ चौकांतील बागा सभोवारच्या रहिवाशांपुरत्या असत आणि त्यांच्या किल्ल्या रहिवाशांजवळच राहत. मुंबईत हा नमुना आला तेव्हा त्यात एक महत्त्वाचा फरक पडला. येथे कडेला घरे नव्हती, पेढ्या होत्या. मालक बागेशेजारी राहत नव्हते, आणि बाग नगरपालिकेकडे होती. त्यामुळे येथील बाग खाजगी झाली नाही. कारकून, शिपाई, वकील, छापखान्यातील कामगार आणि ग्रंथालयात आलेले वाचक यांना दुपारच्या सुटीत सावलीत बसण्याची ती जागा झाली.

लंडनचे उदाहरण आणखी एका कारणासाठी उपयुक्त आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील काही चौक बांधकामाखाली गेले, तेव्हा उरलेल्या चौकांच्या रक्षणासाठी १९३१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कडेच्या मालकांचे हित आणि मधली बाग यांचा सांधा जेथे निखळला, तेथे बागेस कायद्याचाच आधार उरला. मुंबईत हा सांधा पुष्कळ काळ टिकला. पुढे येथेही कायद्याचा आधार घ्यावा लागलाच.

६

नव्या रचनेस ‘एल्फिन्स्टन सर्कल’ असे नाव देण्यात आले. हे नाव १८१९ ते १८२७ या काळातील गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे, असा समज सहज होतो. कारण शिक्षणसंस्थांमुळे महाराष्ट्रात त्याचेच नाव अधिक परिचित आहे. वस्तुतः ते १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन याचे आहे. तो माउंटस्टुअर्टचा पुतण्या. ‘एल्फिन्स्टन रोड’ हे रेल्वे स्थानकाचे नावही त्याच्यावरूनच पडले होते. २०१८ मध्ये त्या स्थानकास ‘प्रभादेवी’ हे नाव देण्यात आले.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर ‘एल्फिन्स्टन सर्कल’चे ‘हॉर्निमन सर्कल’ झाले. परकीय राज्यकर्त्यांची नावे पुसून स्वदेशीय पुरुषांची नावे देण्याच्या त्या काळात एका इंग्रजाच्या जागी दुसऱ्या इंग्रजाचे नाव यावे, ही गोष्ट अपवादात्मक आहे आणि म्हणूनच अर्थपूर्ण आहे. बेंजामिन गाय हॉर्निमन (१८७३–१९४८) हे १९१३ मध्ये फिरोजशहा मेहता यांनी काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या पत्राचे संपादक होते. होमरूल चळवळीचा त्यांनी पुरस्कार केला. रौलट कायद्याविरुद्ध स्थापन झालेल्या सत्याग्रह सभेचे ते उपाध्यक्ष होते. पंजाबातील अत्याचारांच्या काळात, एप्रिल १९१९ मध्ये, सरकारने त्यांस हद्दपार करून इंग्लंडास पाठविले. जालियनवाला बागेतील हत्याकांडाची हकीकत तिकडील जनतेपुढे आणण्यासाठी त्यांनी खटपट केली. १९२६ मध्ये ते हिंदुस्थानात परतले, पुन्हा वृत्तपत्रव्यवसायात शिरले आणि १९४८ मध्ये मुंबईतच निवर्तले.

या नामांतराचे औचित्य परिसर पाहिल्यावर अधिक पटते. १८२२ मध्ये सुरू झालेले ‘मुंबई समाचार’ हे गुजराती पत्र येथूनच जवळच्या रस्त्यावरून निघते. आणि त्या रस्त्यास सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांचे नाव आहे. हॉर्निमन यांच्यानंतरच्या काळात ‘क्रॉनिकल’चे संपादकपद भूषविणारे ते हेच. ज्या पायऱ्यांवरून राणीचा जाहीरनामा वाचला गेला, त्या पायऱ्यांसमोरच्या बागेस राजसत्तेचे म्हणणे खोडून काढणाऱ्या संपादकाचे नाव मिळाले. कॉर्नवॉलिसचा पुतळाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथून हलविण्यात आला. तो आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे. नाव बदलले, पुतळा गेला, तरी ‘सर्कल’ हा शब्द मात्र राहिला. राज्यकर्ता बदलता येतो, आकार बदलता येत नाही, हेच जणू ते नाव सांगते.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या स्थळापुढील प्रश्न बदलला. बागेवर कोणी इमारत बांधू म्हणत नव्हते. परंतु सभोवारचे शहर उंच होत होते. १९८० च्या सुमारास रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयाची गगनचुंबी इमारत जवळच उभी राहिली. कडेच्या जुन्या इमारतींची मालकी आणि भाडेकरू बदलले. एकसारख्या दर्शनी बाजूंचे एकोणिसाव्या शतकातील बंधन लोकांच्या विस्मरणात गेले. अशा वेळी एखादी इमारत पाडून तेथे बहुमजली मनोरा उठविला गेला असता, तर बाग जागच्या जागी राहूनही वर्तुळ मोडले असते.

हा धोका ओळखून जी पावले टाकली गेली, त्यांत तीन कायदेशीर टप्पे महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने शहरातील प्रत्येक जमिनीचा उपयोग विकास आराखड्यात ठरवून देण्याची पद्धत दृढ केली. त्यामुळे उद्यान म्हणून दर्शविलेली जमीन सहजासहजी अन्य कामी लावता येईनाशी झाली. १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाने झाड तोडण्यासाठी परवानगी आवश्यक केली. आणि १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. शहराच्या स्तरावर इमारतींबरोबर परिसरांनाही संरक्षण देणारी अशी नियमावली भारतात प्रथम मुंबईनेच केली. तिने वारसास्थळांची सूची करून त्यांच्या श्रेणी ठरविल्या, आणि त्यांत बदल करण्यापूर्वी वारसा समितीचे मत घेणे बंधनकारक केले.

‘परिसर’ ही कल्पना कायद्यात आली, हे या नियमावलीचे मर्म होय. प्राचीन स्मारकांचे कायदे एकेकट्या वास्तूचा विचार करतात. लेणे, किल्ला किंवा मंदिर यांच्या बाबतीत ते ठीक आहे. पण वर्तुळाचे रक्षण त्याच्या एका बिंदूचे रक्षण करून होत नाही. फोर्जेटच्या काळी जे बंधन भूखंड घेणाऱ्यांवर होते, तेच सुमारे सव्वाशे वर्षांनी सार्वजनिक कायद्याच्या रूपाने परत आले, असे या नियमावलीचे वर्णन करता येईल.

तथापि येथेच एक प्रश्न उभा राहतो. कायदा आकाराचे रक्षण करतो. वापराचे रक्षण तो तितक्या सहजतेने करू शकत नाही. ओवऱ्यांच्या कमानी जशाच्या तशा ठेवून आतील पेढीच्या जागी उंची वस्तूंचे दुकान किंवा उपाहारगृह येऊ शकते, आणि तसे ते आलेही आहे. त्यात गैर काही नाही. इमारती वापरात राहिल्या तरच टिकतात. बागेच्या बाबतीत मात्र अधिक सावध राहणे जरूर आहे. गेल्या काही दशकांत येथे संगीताचे आणि कलामहोत्सवांचे कार्यक्रम होऊ लागले, आणि त्यांमुळे पुष्कळ मुंबईकरांस ही बाग नव्याने कळली. परंतु तिकीट लावून भरविलेला कार्यक्रम आणि दुपारी डबा घेऊन येणारा कारकून यांत जागेवर पहिला हक्क कोणाचा, हे ठरलेले असले पाहिजे. ज्या महानगरात माणशी दोन चौरस मीटरही सार्वजनिक मोकळी जागा येत नाही, तेथे हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. एखाद्या उद्यानाचे दार आठवड्यातून दोन दिवस बंद राहिले, तर नकाशावर काहीच फरक पडत नाही. जमिनीवर मात्र पडतो. झाडे तीच, कठडा तोच, फलक तोच. पण आत जाण्यास कारण विचारले जाऊ लागले की मोकळी जागा पुन्हा रिकामी होते, आणि रिकामी जागा भरण्यास इच्छुक असणारांचा तुटवडा मुंबईत कधीच नव्हता.

८

या छोट्या उद्यानाच्या इतिहासावरून निघणारे निष्कर्ष असे मांडता येतील.

पहिला असा की, नावाने जागा राखली जात नाही. ‘ग्रीन’ हे नाव कापसाबरोबर शिवडीपर्यंत गेले, ‘आमली आगळ’ व्यवहारातून मावळले, एल्फिन्स्टनच्या जागी हॉर्निमन आले. नावे जागेची स्मृती राखतात, आणि कधी कधी ती स्मृती भलत्याच ठिकाणी राखतात. म्हणून शहराच्या इतिहासाचे साधन म्हणून स्थळनामांचा उपयोग करताना नाव आणि भूमी यांची फारकत झाली आहे काय, हे प्रत्येक वेळी तपासून पाहणे अवश्य आहे.

दुसरा असा की, मध्य टिकतो तो कडेमुळे. बागेच्या जतनाची चर्चा आपल्याकडे बहुधा झाडे, हिरवळ आणि कठडा यांच्यापाशी थांबते. येथील अनुभव असा की, सभोवारच्या मालकांवर घातलेले समान बंधन आणि त्यांतून त्यांस मिळणारा समान लाभ, या दोहोंनी बाग उभी केली आणि प्रथम टिकविली. पुढे त्या बंधनाची जागा कायद्याने घेतली. नव्या वसाहती आखताना उरलेल्या तुकड्यास बाग म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याशी हे ताडून पाहावे. उरलेला तुकडा हा रिकामा असतो. मोकळी जागा आधी आखावी लागते, आणि इमारतींनी तिच्याकडे तोंड करून उभे राहावे लागते.

तिसरा निष्कर्ष जतनाच्या अर्थाविषयी आहे. ग्रीनपासून आजपर्यंत या भूमीने कवायत, कापूस, समभागांचे सौदे, राणीचा जाहीरनामा, दुपारची विश्रांती आणि संगीत असे नाना उपयोग पाहिले. यांपैकी कोणताही एक उपयोग कायमचा झाला असता, तर ती भूमी त्या उपयोगाची झाली असती आणि त्याच्याबरोबर गेलीही असती, जसे ‘ग्रीन’ हे नाव गेले. ती कोणा एकाची झाली नाही, म्हणून ती राहिली. १९९५ च्या नियमावलीने वर्तुळाचा आकार सुरक्षित केला आहे. त्या आकाराच्या आत कोणासही कारण न सांगता येऊन बसता यावे, ही गोष्ट मात्र कोणत्याही सूचीत नोंदलेली नाही; ती नगरपालिकेच्या रोजच्या कारभारावर आणि नागरिकांच्या रोजच्या येण्याजाण्यावर अवलंबून आहे. उद्यानाच्या जतनाचा विचार यापुढे करताना, त्याची दारे किती वेळ आणि कोणासाठी उघडी असतात, याची नोंद त्याच्या कमानींच्या नोंदीइतक्याच काळजीने ठेवली जाणे आवश्यक आहे.